एव्हरग्रीन माउंटन बाइक अलायन्सची वर्गणी: पैसे कुठे जातात आणि काय मिळतं

सिअ‍ॅटलजवळच्या इसाक्वा, सॅमॅमिश, रेडमंड या आमच्या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत. डोंगरात सायकल चालवणारेही आता त्यांत बरेच झालेत. त्यांच्याकडून मला एक प्रश्न नेहमी येतो: "ट्रेल तर सगळ्यांना मोकळे आहेत, मग एव्हरग्रीनची वर्गणी कशाला भरायची?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून हे सविस्तर परीक्षण.

एव्हरग्रीन माउंटन बाइक अलायन्स ही वॉशिंग्टन राज्यातली ना-नफा संस्था. सदस्य झालात म्हणून तुम्हाला एखादा ट्रेल जास्तीचा उघडून मिळत नाही. तिच्या लोकांनी खोदलेल्या वाटेवर सदस्य नसलेला माणूसही तितक्याच हक्काने जातो, कारण जमीन सार्वजनिक आहे: कुठे काउंटीची, कुठे राज्याची, कुठे केंद्राच्या वनखात्याची. त्यामुळे जिममध्ये पैसे भरून यंत्रं वापरायला मिळतात तसा हिशेब इथे लावला, तर वर्गणी वाया गेली असंच वाटेल. मी ती दर वर्षी भरते आणि घरातल्या सगळ्यांची भरते. का, ते सांगायला डूथी हिलपासून सुरुवात करावी लागेल.

डूथी हिल ही किंग काउंटीची १२० एकर जागा. २०१० साली काउंटीचं उद्यान खातं आणि एव्हरग्रीन यांनी मिळून तिथे सायकलींसाठीचं उद्यान उघडलं. मध्यभागी एक मोकळं मैदान आणि एक छप्पर. तिथून चहूबाजूंना वाटा फुटतात आणि फिरून पुन्हा मैदानात येतात. ही आखणी मला फार आवडते. आई-वडील मैदानात बसून राहिले तरी मुलं हरवत नाहीत, आणि दमलेल्या माणसाला गाडीपर्यंत लांबचा फेरा मारावा लागत नाही. बूटकॅम्प नावाची वाट नवशिक्यांची. तिच्यावर हात बसला की एकेक पायरी वर जायचं. मोठ्या उड्यांच्या वाटाही इथेच आहेत. तिथली पोरं हवेत जातात तेव्हा खाली उभं राहून बघणाऱ्याचा श्वास अडकतो. सीडर आणि हेमलॉकची उंच झाडं, खाली नेच्यांचं दाट रान आणि पायाखाली काळी, मऊ, ओलावा धरणारी माती. इथल्या पावसात ती बुळबुळीत होईल असं कुणालाही वाटावं, पण वाट नीट बांधलेली असली तर ती चाक धरून ठेवते.

अवघड जागांना वळसा ठेवलेला आहे, ही डूथीची माझ्या मते सगळ्यात मोठी जमेची बाजू. लाकडी फळ्यांचा अरुंद पूल आला की शेजारून जमिनीवरची वाट असते. मोठ्या उडीच्या बाजूला तिचं धाकटं रूप असतं. त्यामुळे धीर एकदम गोळा करावा लागत नाही, थोडा थोडा साठवता येतो.

मी सायकलचं प्राथमिक कौशल्य एव्हरग्रीनच्याच वर्गात शिकले. तेव्हा वयाची चाळिशी ओलांडली होती आणि सातारच्या शाळेत सायकलने जायचे तेवढाच अनुभव गाठीशी होता. वर्गाचा पहिला भाग मैदानात झाला: दोन्ही पेडल समपातळीत ठेवून उभं राहायचं, गुडघे आणि कोपर सैल, ब्रेकवर एकेकच बोट, आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या पलीकडे. नजरेची ही शिकवण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज खणखणीत होता आणि धीर अफाट. त्यांनी आमच्यातल्या कुणालाही "हे सोपं आहे" असं म्हटलं नाही. आधी करून दाखवायच्या, मग सावकाश करून दाखवायच्या, मग बाजूला चालत चालत करून घ्यायच्या. वर्गाचे पैसे वेगळे पडतात आणि जागा मोजक्या असतात, म्हणून तारखा जाहीर झाल्या की लगेच नाव घालावं.

जाता जाता एक सूचना. वर्गाला मी एका दुकानातून भाड्याची सायकल घेतली होती. तिचा मागचा ब्रेक दाबला तर दांडा मुठीला येऊन टेकत होता. बाईंनी उतार सुरू होण्याआधीच ते पकडलं आणि मला दुसरी सायकल दिली. भाड्याची सायकल घेताना दुकानाच्या दारातच दोन्ही ब्रेक दाबून बघा, आणि दांडा मुठीला लागत असेल तर ती घेऊ नका.

आता वर्गणीच्या मूळ प्रश्नाकडे येते.

ही संस्था १९८९ साली सुरू झाली. तेव्हा तिचं नाव बॅककंट्री बायसिकल ट्रेल्स क्लब होतं. डोंगरी सायकली नव्या होत्या आणि सिअ‍ॅटलच्या आसपास एकेक वाट त्यांच्यासाठी बंद होऊ लागली होती. चालणारे आणि घोडेवाले पूर्वीपासून होते. सायकलवाले नंतर आले आणि वेगाने आले. अमेरिकेचा वन्यप्रदेश कायदा १९६४ चा. त्यात यांत्रिक वाहतुकीला मनाई आहे, आणि १९८४ मध्ये वनखात्याने आपल्या नियमांत सायकलचं नाव स्पष्ट घालून टाकलं. म्हणजे एखादा डोंगर वन्यप्रदेश म्हणून जाहीर झाला की तिथे सायकल नेता येत नाही, मग ती वाट तुम्ही आधी कितीही वर्षं वापरत असा. निसर्गरक्षण हवं असणारा आणि सायकलही चालवणारा माणूस इथे कात्रीत सापडतो. मी त्यांच्यातलीच एक आहे. मला तो कायदा चांगला वाटतो आणि मला माझी वाटही हवी असते.

यातून मार्ग कसा काढायचा हे मला मिडल फोर्क स्नोक्वाल्मी नदीच्या खोऱ्यात समजलं. तिथला अल्पाइन लेक्स हा वन्यप्रदेश १९७६ चा. तो सुमारे २२,००० एकरांनी वाढवण्याचं विधेयक २०१४ च्या डिसेंबरात मंजूर झालं. या वाढीला सायकलवाल्यांनी सरळ विरोध केला असता तर ते समजण्यासारखं होतं, पण एव्हरग्रीनने तसं केलं नाही. पर्यावरणवाल्यांच्या सोबत नकाशावर बसून हद्दीची रेघ नदीकाठच्या वाटेपासून जरा मागे आखून घेतली. जंगल राखलं गेलं आणि वाट सायकलींसाठी शिल्लक राहिली. या वाटेवर जून ते ऑक्टोबर सायकलला फक्त विषम तारखांना परवानगी असते. सम तारखा चालणाऱ्यांना निवांत मिळतात. पुण्याच्या सम-विषम पार्किंगची सवय असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या घरी कॅलेंडरवर ३१ जुलै आणि १ ऑगस्ट या लागोपाठच्या विषम तारखांभोवती दर वर्षी गोल केलेला असतो. त्या दोन दिवसांत एक जरी सुट्टीचा निघाला तरी तो मिडल फोर्कचा.

हद्दीची ती रेघ अशी आखली जावी म्हणून कुणीतरी वर्षानुवर्षं बैठकांना गेलं, नकाशे वाचले, खासदारांच्या कार्यालयात बसलं. वर्गणीचे पैसे अशा कामाला लागतात, आणि ते काम ट्रेलवर दिसत नाही.

टायगर माउंटन हे दुसरं उदाहरण, आणि माझ्या घरापासून जवळचं. पूर्वेकडचं शिखर सुमारे ३,००० फुटांचं. एके काळी या डोंगरावर सायकलींना प्रेस्टन रेलरोड, आयव्हर्सन रेलरोड आणि नॉर्थवेस्ट टिंबर या मोजक्या वाटा होत्या, त्याही हिवाळ्यात बंद. आज मास्टर लिंक नावाची खास चढायची वाट आहे, आणि वरून उतरायला प्रेडेटरपर्यंत चढत्या अवघडपणाचे पर्याय आहेत. प्रेडेटरचं नाव सार्थ आहे. तिथे मुळं, कडे आणि तीव्र उतार एकामागून एक येतात. मी तिच्या वाटेला जात नाही, माझा मुलगा जातो. शेजारच्या रेजिंग रिव्हरच्या सरकारी जंगलातही आता लांबच लांब वाटा झाल्या आहेत. त्यांची पायाभरणी राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने २०१५ मध्ये केलेल्या स्नोक्वाल्मी पट्ट्याच्या आराखड्यात आहे.

या जमिनीचा स्वभाव मात्र समजून घ्यायला हवा. टायगरचा बराचसा भाग उद्यान नाही, राज्याची विश्वस्त जमीन आहे. १८८९ मध्ये वॉशिंग्टनला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा शाळांसाठी म्हणून केंद्राने जमिनी दिल्या, आणि अशा विश्वस्त जमिनींवरच्या लाकडाच्या विक्रीतून आजही शाळांच्या इमारतींना पैसा जातो. म्हणजे लाकूडतोड हा तिथला मूळ उद्योग, आणि आपण सायकलवाले त्यात मागाहून जागा मागून आलेले. एखाद्या उतारावरची तोड सुरू झाली की वाट बंद होते. सावलीतून जाणारी वाट पुढच्या हंगामात बुंध्यांच्या उघड्या माळावरून जाताना दिसते, आणि ते बघून मन खट्टू होतं. पण त्या तोडीचं वेळापत्रक आधी कळावं, वाट पुन्हा बांधायची तरतूद त्यात असावी, यासाठी खात्याच्या टेबलापाशी बसणारं कुणीतरी लागतं. ते काम ही संस्था करते. गाडी लावायला डिस्कव्हर पास लागतो, तो राज्याचा. २०११ पासून वर्षाला ३० डॉलर होता, ऑक्टोबर २०२५ पासून ४५ झाला. पुष्कळ लोक तो पास काढला म्हणजे ट्रेलचे पैसे दिले असं समजतात. ते पैसे राज्याच्या उद्यान, वन्यजीव आणि नैसर्गिक संसाधन खात्यांत वाटले जातात. वळण खचलं की दुरुस्तीला कुदळ घेऊन येणारी माणसं वेगळी.

आणि आता मी ज्यासाठी ही वर्गणी खरोखर भरते ती गोष्ट: श्रमदान.

हिवाळ्यातल्या शनिवारी सकाळी ट्रेलच्या तोंडाशी माणसं जमतात. पाऊस असतोच. यादीत नाव आणि वेळ लिहायची, डोक्यावर शिरस्त्राण चढवायचं, सुरक्षेच्या सूचना ऐकायच्या आणि अवजार उचलून चालू लागायचं. पुलास्की म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ. मॅक्लाउड म्हणजे एका बाजूला रुंद फावडं आणि दुसऱ्या बाजूला दाताळं. आधी वरचा पालापाचोळा आणि कुजलेला थर काढून टाकायचा, खालची घट्ट माती लागेपर्यंत. कुजलेल्या थरावर वाट बांधली तर ती पहिल्या पावसात लापशीसारखी होते. मग डोंगराच्या उतारात वाटेची पायरी कापायची आणि तिला बाहेरच्या बाजूला अगदी थोडा कल द्यायचा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत सुटत नाही, आडवं जाऊन बाहेर पडतं. थोड्या थोड्या अंतरावर उतार मोडून लहानसा चढ ठेवायचा. साचू पाहणारं पाणी तिथे वाट सोडतं. ओल जास्त असेल तिथे चपटे दगड उभे रोवून फरसबंदी करायची. हे दगड दुरून उचलून आणावे लागतात आणि त्यांतला एकेक बसवायला फार वेळ जातो. वाट खराब होते ती मुख्यतः पाण्याने, चाकाने नंतर, हे मला त्या चिखलात उभं राहून कळलं. तेव्हापासून सायकल चालवतानाही माझं लक्ष पाणी कुठून येतंय आणि कुठे जातंय याकडे असतं.

यादीत वेळ का लिहायची, हे मी एकदा विचारलं. राज्याकडून ट्रेलसाठी अनुदान मिळवताना अर्जदाराला आपला वाटा दाखवावा लागतो, आणि स्वयंसेवकांच्या श्रमाचे तास त्या वाट्यात धरले जातात. म्हणजे सकाळभर माती ओढलेल्या माणसाच्या तासांची किंमत होते आणि ती कागदावर अनुदानाच्या समोर उभी राहते. हे ऐकल्यावर मी वेळ अगदी मिनिटासकट लिहिते आणि नव्याने आलेल्यांनाही लिहायला लावते.

माझे बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा मी त्यांना एका श्रमदानाला घेऊन गेले. आयुष्य जिल्हा परिषदेत गेलेला माणूस. छत्री धरून त्यांनी सगळं नीट बघितलं आणि मग विचारलं, "अगं, सरकारी जमीन खोदताय तुम्ही. परवानगी कुणाची?"

मी त्यांना झाडांना बांधलेल्या रंगीत फिती दाखवल्या. "बाबा, ही रेघ खात्याच्या माणसांनी चालून पक्की केलीय. ओढा कुठे ओलांडायचा, कुठला उतार टाळायचा, हे सगळं आधी तपासलं जातं. त्याच्याबाहेर एक फूटही खोदायचं नाही."

"आणि कुणी खोदलं तर?"

"तर खात्याचा विश्वास जातो आणि पुढची वाट मिळत नाही."

"मग बरोबर आहे," म्हणाले, आणि छत्री मिटून दगड उचलायला लागले. मुकादमाला त्यांचं काम इतकं आवडलं की त्याने जेवणाच्या सुट्टीत येऊन त्यांच्याशी हात मिळवला.

चोरून खोदलेल्या वाटा इथेही आहेत. मध्यरात्री जाऊन आपली आपण वाट काढणारी तरुण मुलं सगळीकडे असतात. त्यांचा उत्साह मला समजतो, पण अशी एक वाट सापडली की परवानगीच्या अनेक वाटांचं बोलणं मागे पडतं. ओढ्याच्या काठावर चुकीच्या जागी कापलेला उतार गाळ होऊन पाण्यात जातो आणि त्याच पाण्यात खाली सामन मासे अंडी घालतात. स्नोक्वाल्मी जमातीने आपल्या पूर्वजांच्या भूमीवर होणाऱ्या गर्दीबद्दल जे म्हणणं मांडलं आहे, तेही इथे येणाऱ्या प्रत्येकाने ऐकायला हवं. काही जागी वाट नसणंच बरोबर असतं. सायकलवाल्यांच्या संस्थेने हे मान्य करावं, स्वतःहून करावं, अशी माझी अपेक्षा आहे, आणि या एका बाबतीत मला त्यांच्याकडून अजून जास्त हवं आहे.

सार्वजनिक बैठकांना गेल्यामुळे माझा एक समज बदलला. विरोध करणारे लोक हट्टी असतात असं मला वाटायचं. एका बैठकीत घोडा पाळणाऱ्या एक आजी बोलल्या. वळणामागून सायकल अचानक आली की घोडा बुजतो, आणि या वयात घोड्यावरून पडणं त्यांना परवडणारं नाही. खोटं काय होतं त्यात? नियम असा की सायकलने चालणाऱ्यांना आणि घोड्यांना, दोघांनाही वाट द्यायची. पण वेगात उतरणाऱ्याला वळणापलीकडचं दिसलंच नाही तर तो नियम पाळणार कसा? म्हणून चढायची वाट वेगळी, उतरायची वेगळी आणि एकाच दिशेची, आणि जिथे सगळे एकत्र येतात तिथे लांबवर दिसेल अशी झाडी मोकळी. चांगल्या आखणीने भांडण मुळातूनच कमी होतं. मी माझी दोन मिनिटं मिळाली तेव्हा आजींचंच म्हणणं पुढे नेलं. नंतर आम्ही पार्किंगमध्ये बराच वेळ बोलत उभ्या होतो.

कुणासाठी नाही ही वर्गणी? जो वर्षातून एकदा मुलांना घेऊन डूथीला जातो त्याने तेवढ्यासाठी सदस्य व्हायची गरज नाही. जमेल तेवढी देणगी दिली तरी पुरे. टायगरवर अगदी नवशिक्यांसाठी फारसं काही नाही. चढ लांब आहे आणि उतरायच्या बहुतेक वाटा मध्यम पातळीच्या वर आहेत. नॉर्थवेस्ट टिंबर त्यातल्या त्यात सौम्य. पाच-सहा वर्षांच्या मुलांना आणि माझ्या वयाच्या, सावकाश जाणाऱ्या बायकांना लांबवर, निवांत जाता येईल अशा वाटा या भागात कमी आहेत. जोशातल्या पोरांची मागणी मोठ्याने होते म्हणून त्यांच्या वाटा आधी होतात. आपल्यासारख्यांना सोप्या वाटा हव्या असतील तर आपणच सदस्य होऊन त्या मागायला हव्यात.

रॅटलस्नेक लेजच्या चढावर रविवारी मराठी ऐकू येत नाही असं होत नाही. श्रमदानात मात्र मी एकटीच असते, फार तर मुलगा बरोबर. आमच्या मराठी मंडळातली एक मुलगी गेल्या हिवाळ्यात आली. मला चिखलात बघून "काकू, तुम्ही पण?" म्हणाली आणि पुढच्या वेळी दोन मैत्रिणींना घेऊन आली. तिघी सोळा वर्षांच्या. मुकादमाने त्यांना फरसबंदीवर लावलं आणि त्यांनी दुपारपर्यंत हात थांबवला नाही. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा त्या सोप्या वाटांसाठी राखून ठेवला आहे.

नाव घालायचं असेल तर उन्हाळ्याची वाट बघू नका. खरं काम ओल्या मातीच्या दिवसांत चालतं, ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत. कोरडी माती दाबली तरी बसत नाही. श्रमदानाला यायला सदस्य असावं लागत नाही, अनुभवही लागत नाही. पाण्याने भिजणार नाहीत असे बूट, जाड हातमोजे, पावसाचं जाकीट आणि जेवणाचा डबा आणा. अवजारं तिथे मिळतात. डब्यात थालीपीठ असेल तर दोन जास्तीची आणा, मुकादमाला आवडतात.